लिंक नाही जी

पुठ्ठा बिस्किटांच्या खोक्याचा. एका कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवलेली. एका बाजूला निळ्या स्केचपेननं लिहिलंय ‘लिंक नाही’ आणि मागच्या बाजूला ‘जेवणाची सुट्टी’. काउंटरच्या जाळीला दोन्हीपैकी कोणतीही बाजू लटकली, तरी बाहेर बसलेल्यांना अर्थ एकच कळतो: बसा. तेंदूपत्त्याच्या मजुरीचे पैसे आले का पाहायला तीस किलोमीटरवरून आलेला माणूस आत डोकावून विचारतो, ‘काहून जी, आजही?’ आतून उत्तर येतं, ‘लिंक नाही जी.’ तो परत जाऊन भिंतीला टेकून बसतो.

गेली काही वर्षं मी या पुठ्ठ्याच्या मागे लागलो आहे. नागपूरला एका संस्थेच्या संगणक विभागात काम करतो. संस्थेचं नाव सांगण्यात हशील नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या आमच्या शाखांचे स्क्रीन सांभाळणं ही माझी नोकरी. मी ‘संगणक’ म्हणालो नाही, कारण शाखेत संगणक नसतोच. टेबलावर वहीएवढा एक डबा असतो. त्याला स्क्रीन, कीबोर्ड, माउस, छपाईयंत्र जोडलेलं. आम्ही त्याला डबाच म्हणतो. खरा संगणक मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालतो. सिरोंच्यातल्या ताईंनी कळ दाबली की ती कळ मुंबईला जाते, तिथं अक्षर उमटतं आणि त्या अक्षराचं चित्र परत सिरोंच्याला येतं. हे जाणं-येणं ज्या नियमांनी चालतं, त्यांना रिमोट डिस्प्ले प्रोटोकॉल म्हणतात.

इतका खटाटोप कशासाठी? नकाशा पाहिला की कळतं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. बारा तालुके, तीन-चतुर्थांशाच्या आसपास जंगल, आणि वर्षानुवर्षं अख्ख्या जिल्ह्याला रेल्वे स्टेशन एकच, देसाईगंज-वडसा. एका शाखेतल्या संगणकात व्हायरस शिरला म्हणून नागपूरहून सिरोंच्याला माणूस पाठवायचा, तर जाण्यातच अख्खा दिवस मोडतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. मग माणूस पाठवायचा प्रश्नच उरत नाही. डबा जळाला तर दुसरा डबा एसटीच्या पार्सलनं जातो, शिपाईभाऊ वायरी जोडतात, काम सुरू. खातेदारांची माहिती शाखेत साठत नाही, म्हणून चोरीलाही जात नाही. मांडणी उत्तम आहे, फक्त दोन टोकांमधली वाट धड हवी.

ही वाट म्हणजे ‘लिंक’. लिंक म्हटली की लोक वेग विचारतात, किती एमबीपीएस? मी त्यांना एसटीचं उदाहरण देतो. गाडीत माणसं किती मावतात ही एक गोष्ट आणि गाडी पोचायला वेळ किती लागतो ही दुसरी. पन्नासाऐवजी शंभर सीटची गाडी लावली म्हणून आलापल्ली जवळ येत नाही. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई जाऊन-येऊन सोळाशे-सतराशे किलोमीटर धरले, तर आठ-नऊ मिलिसेकंद. वाटेतल्या यंत्रांचा वेळ मिळवला तरी माणसाच्या बोटाला तो जाणवत नाही. चंद्रपूरच्या शाखेत, जिथं तार शाबूत असते, तिथं मुंबईचा संगणक टेबलाखाली असल्यासारखाच वाटतो.

आता तार जिथं पोचत नाही किंवा पोचूनही आठवड्यातून दोनदा जेसीबीच्या दातात सापडते, तिथं छपरावर व्हीसॅटची छत्री असते. तिचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. कळ वर जाते, खाली येते. चित्र वर जातं, खाली येतं. चार खेपा, एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटर. प्रकाशालाही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि प्रत्यक्षात मी सहाशे मिलिसेकंदांच्या खालचा आकडा क्वचितच पाहिला. हा उशीर पैसे टाकून विकत घेता येत नाही.

अर्ध्या सेकंदानं बिघडतं काय, हे मला नागपुरात बसून कधीच कळलं नसतं. दक्षिणेकडच्या एका शाखेत ऑपरेटर ताईंच्या मागे खुर्ची टाकून बसलो तेव्हा कळलं. त्या ‘वनहक्क’ हा शब्द टाइप करत होत्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याच्या सहा कळा: व, न, ह, क, हलन्त, क. ताईंचा हात सुरेख चालतो, तो या कळा सेकंदाच्या आत दाबून मोकळा होतो. स्क्रीनवर मात्र अजून ‘वन’ एवढंच होतं. मग ‘वनह’, मग ‘वनहक’, मग पाय मोडलेला क. डोळ्यांना तो मोडका क दिसला आणि हातानं सवयीनं बॅकस्पेस मारला. तोवर मुंबईत दुसरा क पोचलेला होता. बॅकस्पेसनं तो चांगला क खाल्ला. क्षणभरानं स्क्रीनवर आधी बरोबर शब्द उमटला आणि ताई ‘हां’ म्हणेपर्यंत पुन्हा मोडला.

इंग्रजी टाइप करणाऱ्याला हा त्रास अर्धाच होतो. त्याचं अक्षर उमटतं ते कायमचं. आपलं अक्षर उमटता उमटता रूप बदलतं. वेलांटी मागे जाऊन बसते, रफार डोक्यावर चढतो, हलन्त दोन अक्षरांना जोडून स्वतः नाहीसा होतो. मराठी टाइप करणारा स्क्रीनकडे पाहत हात चालवतो. आमच्या ताईंनी यावर स्वतःच तोड काढली होती: ‘मी डोळे मिटून लिवतो जी. आधी पूर्ण वाक्य, मंग पाहतो.’ मी त्या दिवशी डायरीत दुसरं काही लिहिलं नाही.

यावर तांत्रिक इलाज नाही असं नाही. कळ दाबताच अक्षर डब्यातच तात्पुरतं दाखवायचं आणि खरं अक्षर आलं की बदलायचं, अशी सोय सिट्रिक्स या कंपनीनं फार पूर्वी आणली होती. ती रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली. जोडाक्षरांच्या वाटेला ती लावायला मी धजलो नाही. त्यापेक्षा साधा उपाय केला. लांब मजकूर डब्यातल्याच छोट्या खिडकीत टाइप करायचा आणि एकदम पलीकडे चिकटवायचा. पण त्यासाठी क्लिपबोर्ड उघडा ठेवावा लागतो आणि सुरक्षावाल्यांना तो बंद हवा असतो. दोन महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी इकडून तिकडे चिकटवता येतं, तिकडून इकडे काही काढता येत नाही, अशी एकेरी वाट मंजूर झाली. ही सोय प्रोटोकॉलमध्ये आधीपासून होती. ती कुणी मागितली नव्हती.

कीबोर्डाचं आणखी एक त्रांगडं आहे, ते इथंच सांगून टाकतो. आरडीपी हा मायक्रोसॉफ्टचा प्रोटोकॉल साधारणपणे अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं, हे पलीकडचा संगणक ठरवतो. डब्यावर मराठी आणि पलीकडे इंग्रजी लावलेलं असलं, तर ताई ‘क’ दाबतात आणि मुंबईत ‘k’ उमटतो. मग कुणीतरी दोन्हीकडे मराठी करायला जातं आणि वेगळाच गोंधळ होतो. नियम एकच: भाषा एकाच टोकाला बदलायची, सर्व्हरच्या. हे एक वाक्य समजावण्यात माझे किती फोन गेले असतील त्याला गणती नाही.

या प्रोटोकॉलांची कुळकथा मोठी आहे, थोडक्यात सांगतो. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणायची एक पद्धत म्हणजे चित्र काढण्याच्या आज्ञा पाठवणं: इथं रेघ मार, तिथं चौकोन काढ, हे अक्षर लिही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेली एक्स विंडो प्रणाली या वळणाची. दुसरी पद्धत म्हणजे स्क्रीनचा बदललेला तुकडा चित्र म्हणून उचलून पाठवणं. केंब्रिजच्या ओलिव्हेटी प्रयोगशाळेतून आलेलं व्हीएनसी असं चालतं. साधं, कुठंही चालणारं आणि बारीक लिंकवर जडशीळ. आयबीएम सोडून आलेल्या एड इयाकोबुची यांनी १९८९ साली सिट्रिक्स काढली. तिच्या आयसीए प्रोटोकॉलचा जन्मच टेलिफोनच्या मोडेमवर काम भागवण्याच्या गरजेत आहे. मायक्रोसॉफ्टनं सिट्रिक्सकडूनच तंत्राचा परवाना घेऊन १९९८ साली विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली आणि तिच्याबरोबर आरडीपी आला. कॅनडातल्या टेराडिचीचा पीसीओआयपी सगळा हिशेब पिक्सेलांत करतो. आधी पुसट चित्र पाठवतो, मग सावकाश ते धारदार करत नेतो. व्हीएमवेअरचा ब्लास्ट एक्स्ट्रीम २०१६ सालचा. तो व्हिडिओसाठीचं एच.२६४ कॉम्प्रेशन स्क्रीनला लावतो.

कागदावर यांची तुलना करणारे तक्ते ढीगभर मिळतात. माझ्या अनुभवात मात्र प्रोटोकॉल निवडला जात नाही, तो सोयरिकीबरोबर पाहुणा म्हणून येतो. तुम्ही एका कंपनीचं व्हर्च्युअल डेस्कटॉप घेता आणि तिचा प्रोटोकॉल घरात येतो. सोयरीक कुणाशी झाली तेही पुढं टिकत नाही. टेराडिची २०२१ साली एचपीनं घेतली. व्हीएमवेअर २०२३ साली ब्रॉडकॉमकडे गेली आणि तिचा डेस्कटॉपचा संसार २०२४ साली ऑम्निसा नावानं वेगळा निघाला. रेड हॅटनं स्पाइस नावाचा मोकळा, चांगला प्रोटोकॉल आपल्या नवव्या आवृत्तीतून काढूनच टाकला. म्हणून निविदेत मी आता पहिला प्रश्न चित्राच्या दर्जाचा विचारत नाही. तुमचा डबा दुसऱ्याचा प्रोटोकॉल बोलतो का, हे विचारतो. सोयरीक मोडली तर निदान भांडी तरी आपली राहावीत.

खरी निवड त्यानंतर, सेटिंगमध्ये होते. लिंक कमी पडली की काहीतरी सोडावं लागतं. रंग, धार, हालचाल किंवा तत्परता. काय सोडायचं ते तुम्ही ठरवलं नाही, तर प्रोटोकॉल आपल्या मनानं ठरवतो आणि त्याचं मन कॅलिफोर्नियातल्या कचेरीत घडलेलं असतं. आमच्या शाखांना आकडे आणि अक्षरं लागतात. तिथं वॉलपेपर, खिडक्यांची सरकती सावली, रंगांची खोली सगळं काढलं. अक्षराला लाल रंग असला की व्हिडिओचं साधं कॉम्प्रेशन त्याच्या कडांचा चोळामोळा करतं, कारण ते रंगाची माहिती निम्म्याहून कमी ठेवतं. आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये थकबाकी लाल अक्षरांत! एका शाखेत तीन आणि आठमध्ये गल्लत होत होती. रंग पूर्ण ठेवणारा पर्याय लावला, वेग थोडा उतरला, आकडे मात्र वाचता येऊ लागले. उलट जंगलाचे नकाशे पाहणाऱ्या माणसाला आधी पुसट आणि मग धारदार होणारं चित्र चालतं. तो नकाशा सरकवतो, थांबतो, पाहतो. खाणीचा आराखडा पाहणाऱ्याचंही तेच. आणि साहेबलोकांची व्हिडिओ कॉन्फरन्स तर मुंबईहून फिरवून आणूच नये. तिचा आवाज आणि चित्र थेट डब्यातून बाहेर सोडावं, नाहीतर बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. एका कचेरीला एकच प्रोफाइल लावणारा व्यवस्थापक मला कापडाच्या दुकानात सगळ्यांना एकच माप देणाऱ्या शिंप्यासारखा वाटतो. अर्थात पहिली दोन वर्षं मीही तोच शिंपी होतो.

दुसरी निवड वाहतुकीची, टीसीपी की यूडीपी. बँकेच्या रांगेत पुढच्या आजीचा अंगठा मशीनवर जुळत नाही आणि मागची सगळी रांग खोळंबते, ते टीसीपी. एक तुकडा वाटेत हरवला की तो परत येईपर्यंत मागचे सगळे थांबतात. यूडीपी म्हणतो, आजी बाजूला बसतील, पुढचा या. चित्राच्या बाबतीत हे बरोबरच आहे. अर्ध्या सेकंदापूर्वीचं चित्र आता कुणाला हवंय? आरडीपीनं २०१२ साली यूडीपीची वाट उघडली, इतरांनीही उघडली. पण गंमत अशी की यूडीपी अडला तर प्रोटोकॉल तक्रार न करता मुकाट्यानं टीसीपीवर परततो. आमच्याकडे कागदोपत्री यूडीपी सुरू होता. फायरवॉलनं तो दारातच अडवला होता आणि कित्येक महिने कुणाला पत्ता नव्हता. फोर-जीवरच्या शाखा तेवढे दिवस फुकट रखडल्या. ती वाट उघडल्यावर एका शाखेतून फोन आला, ‘सर, आज काय केलं तुम्ही? माउस पळते.’

व्हीसॅटला मात्र हाच उपाय लावला आणि तोंडावर पडलो. उपग्रहाची यंत्रं टीसीपीला आतून ढकलत असतात. पोच यायच्या आधीच ‘पोचलं’ म्हणून पुढचा माल सोडायला लावतात. यूडीपीला ती मदत मिळत नाही. आमच्या दोन शाखा यूडीपीवर अधिकच मंदावल्या, त्या परत टीसीपीवर आणल्या. म्हणून कुणी मला सांगितलं की अमुक सेटिंग सर्वोत्तम, तर मी विचारतो, कोणत्या छपराखाली?

आता पासबुक. आमच्या एका शाखेत दररोज साडेअकराच्या सुमारास सगळे स्क्रीन एकदम गोठायचे. लिंकवाल्यांचा अहवाल स्वच्छ, सर्व्हर शांत. मी तिथं जाऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. आठवडी बाजाराची गाडी अकराला येते आणि साडेअकराला पासबुक छापायला रांग लागते. डॉट मॅट्रिक्सवर चार ओळी छापायच्या, पण मुंबईचा सर्व्हर त्या चार ओळींचं अख्ख्या पानाएवढं चित्र करून पाठवत होता, आणि त्याच अरुंद वाटेवरून सगळ्यांच्या कळाही जात होत्या. एका पासबुकापायी अख्खी शाखा ठप्प. छपाईला वेगळी पट्टी आखून दिली, तिची मर्यादा ठरवली आणि चित्राऐवजी नुसती अक्षरं पाठवणारा ड्रायव्हर लावला. पासबुक छापायला दोन सेकंद जास्त लागू लागले. साडेअकराचं ग्रहण सुटलं.

एक चूक निव्वळ माझी. या सगळ्या मांडणीची सर्वांत मोठी देणगी अशी की लिंक तुटली तरी काम तुटत नाही. अर्धवट भरलेला फॉर्म मुंबईत तसाच उघडा असतो. लाइट आली, लिंक जुळली की ताई त्याच रकान्यावर परत येतात. सिट्रिक्सनं तर यासाठी २५९८ क्रमांकाचं वेगळं दार ठेवलंय. पण सुटलेलं सेशन किती वेळ जिवंत ठेवायचं हे व्यवस्थापकानं ठरवायचं असतं. मी दहा मिनिटं ठेवली होती. नागपूरच्या हिशेबानं दहा मिनिटं पुष्कळ. एटापल्लीच्या बाजूला पावसाळ्यात लाइट दहा मिनिटांसाठी जातच नाही, ती जाते तेव्हा निवांत जाते. प्रत्येक वेळी मुंबईतला तो फॉर्म माझ्या आज्ञेनं पुसला जात होता आणि शाखेतले लोक म्हणत होते, ‘लाइट गेली की कामही जाते.’ लाइटवर खापर फुटत होतं ते माझं होतं. आता ती मर्यादा चार तासांची आहे. परत येणाऱ्याला पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो.

मर्यादा ठेवण्यामागं कारण नव्हतं असंही नाही. दूरचा पडदा उघडा राहणं धोक्याचंच. मे २०१९ मध्ये आरडीपीत ब्लूकीप नावाची फट सापडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं निवृत्त झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती. आरडीपीचं ३३८९ हे दार थेट इंटरनेटवर उघडं ठेवणं म्हणजे घराला कुलूप घालून किल्ली पायरीवर ठेवणं. सगळी ये-जा गेटवेतून, दोन ओळखी पटवूनच व्हावी. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्क अॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. ‘केवायसी करून देतो, हे अॅप टाका’ म्हणणारा अनोळखी आवाज वापरतो ते तंत्र माझ्या डब्यातल्या तंत्राचंच भावंड आहे. शाखेत आलेल्या एका गुरुजींनी मला विचारलं, ‘म्हणजे तुम्हीही आमच्या ताईंचा स्क्रीन तिकडून पाहू शकता?’ पाहू शकतो. ताईंनी ‘हो’ म्हटल्याशिवाय दिसू नये, अशी सोय आहे आणि ती मी चालू ठेवली आहे. गुरुजी तेवढ्यावर समाधानी दिसले नाहीत. त्यांचं चुकलं असंही नाही.

नवीन आशा आकाशातून येते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानं स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाची ती चार खेपांची वाट मिलिसेकंदांच्या दोन अंकी आकड्यावर येते. ताईंना डोळे उघडे ठेवून ‘वनहक्क’ लिहिता येईल. पण व्हीसॅटची छत्री एकाच जागी ठरलेल्या उपग्रहाकडे पाहत बसते. तिला झाडांमधून एक फट पुरते. हे नवे उपग्रह धावते, त्यांना आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो. आणि आमच्या शाखा सागाच्या मुलखात. साग उन्हाळ्यात बोडका असतो, तेव्हा चाचणी घ्याल तर ती झकास पार पडेल. पावसाळ्यात, जेव्हा तार तुटलेली आणि रस्ता बंद असतो, तेव्हा त्याचं पान ताटाएवढं झालेलं असतं. म्हणून मी पाहणी जुलैतच करायची ठरवली.

शिपाईभाऊंबरोबर छपरावर चढलो. पूर्वेला, उत्तरेला आकाश मोकळं. पश्चिमेला एक जुना मोह, अर्धं आकाश व्यापून. माझ्याबरोबरचा तरुण इंजिनियर बोलून गेला, ‘एक फांदी काढली तरी भागेल.’ शिपाईभाऊ काही बोलले नाहीत. खाली रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं वर पाहत विचारलं, ‘काय काढता जी?’ मी म्हणालो, काही नाही.

खांब दहा फूट उंच करायचं ठरलं. अंदाजपत्रकात त्या वाढीव दहा फुटांपुढं कारणाचा रकाना असतो. तिथं काय लिहायचं यावर आम्ही गाडीत आलापल्लीपर्यंत बोलत होतो. सिग्नलची गुणवत्ता, भौगोलिक अडथळा, असं बरंच सुचलं. शेवटी मी लिहिलं: मोहाचं झाड.